वाळवंटातला फक्त ८ किलोमीटरचा ट्रेक जीवघेणा का ठरतो? जोडीनं फिरायला जाण्याआधी हे समजून घ्या

पांढरीशुभ्र वाळू, वर निळंभोर आकाश आणि मधोमध हातात हात घालून चालणारं जोडपं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्सचा असा फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. खाली लाइक्सचा पाऊस आणि कमेंटमध्ये कुणीतरी कुणाला तरी टॅग करून विचारलेलं असतं, 'कधी जायचं?'

इथल्या आखून दिलेल्या वाटांपैकी सगळ्यात लांब वाट आहे अल्कली फ्लॅट ट्रेल. जाऊन-येऊन अंतर साधारण ८ किलोमीटर. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. ना मोठी चढाई, ना कडा, ना जंगल.

४ ऑगस्ट २०१५ रोजी याच वाटेवर फ्रान्सहून फिरायला आलेल्या पती-पत्नीचा मृत्यू झाला. सोबत असलेला त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा वाचला. ते काही वाळवंट पार करायला निघाले नव्हते. गाडी लावायची, थोडं चालायचं आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

मग नेमकं काय चुकलं? वाळवंटात माणूस इतक्या लवकर कसा कोसळतो? आणि दोघंच जण फिरायला जातात तेव्हा कोणता एक निर्णय सगळ्यात महत्त्वाचा ठरतो? जाणून घेऊया.

त्या दिवशी काय घडलं?

तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. तिघांकडे मिळून पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, प्रत्येकी साधारण ६०० मिलीलीटरच्या. म्हणजे तिघांत मिळून सव्वा लीटरसुद्धा पाणी नव्हतं.

वाटेवर काही अंतर गेल्यावर आईला बरं वाटेनासं झालं. तिनं एकटीनं गाडीकडे परत जायचं ठरवलं. वडील आणि मुलगा पुढे चालत राहिले. परतीच्या वाटेवर आई थोडंच अंतर चालली आणि कोसळली. पुढे गेलेले वडीलही परत येऊ शकले नाहीत.

संध्याकाळी गस्तीवरच्या रेंजर्सना आधी आई सापडली. तिच्याजवळच्या फोटोंमध्ये नवरा आणि लहान मुलगा दिसल्यावर, आणखी दोघं याच वाळूत कुठेतरी आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. शोध घेतल्यावर वडिलांच्या मृतदेहाशेजारी मुलगा सापडला. त्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं होतं, पण तो जिवंत होता.

मुलगा कसा वाचला? स्थानिक शेरीफनी तेव्हा सांगितलं होतं की, आई-वडील स्वतः एक घोट घेत तेव्हा मुलाला दोन घोट देत होते. त्याचं वजन मोठ्या माणसापेक्षा बरंच कमी. त्यामुळे किलोच्या हिशेबात त्याच्या वाट्याला आई-वडिलांच्या कितीतरी पट पाणी आलं. त्या दोन बाटल्यांनी तिघांपैकी एकाला वाचवलं.

व्हाइट सँड्समध्ये माणशी दिवसाला साधारण ४ लीटर पाणी सोबत ठेवा, असं उद्यान प्रशासन सांगतं. तिघांसाठी झाले १२ लीटर. अर्ध्याच दिवसाचा हिशेब धरला तरी त्यांच्याकडे गरजेच्या एक पंचमांश पाणी होतं.

पण नुसतं 'पाणी कमी होतं' म्हणून हा विषय संपत नाही. कारण पाणी कमी पडतंय हे वेळेत कळलं असतं तर कुणीही मागे फिरलं असतं. वाळवंटात खरी अडचण ही आहे की, ते वेळेत कळतच नाही.

धोक्याची घंटा का वाजत नाही?

पहिलं कारण घाम. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात दहा मिनिटं चाललं तरी शर्ट अंगाला चिकटतो. घाम दिसतो, त्यामुळे पाणी जातंय हे समजतं. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर आला की लगेच उडून जातो. अंग कोरडंच राहतं. माणसाला वाटतं, 'आपल्याला तर घामच येत नाहीये.' प्रत्यक्षात उन्हात चालताना तासाला एक लीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाणी शरीराबाहेर जाऊ शकतं.

साधं गणित करू. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातलं वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं, म्हणजे साधारण १.४ लीटर, की थकवा आणि एकाग्रता ढळणं सुरू होतं. तासाला एक लीटर घाम धरला तर ही पायरी दीड तासात येते. ८ किलोमीटरच्या वाटेवर दीड तासात माणूस जेमतेम मध्यावर पोहोचलेला असतो.

दुसरं कारण हवेचं तापमान. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३८ किंवा ४० अंशांवर गेली की उलटं होतं, हवाच शरीराला तापवू लागते. मग शरीराकडे थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, घामाचं बाष्पीभवन. पाणी संपलं की तो मार्गही बंद.

तिसरं कारण वाळू. भुसभुशीत वाळूत पाय रुततो, मागे सरकतो. पक्क्या रस्त्यापेक्षा जवळपास दुप्पट ताकद लागते. जास्त ताकद म्हणजे शरीरात जास्त उष्णता. म्हणजे ८ किलोमीटरचा आकडा फसवा आहे. अंगावर पडणारा ताण त्याहून कितीतरी मोठ्या चालीचा असतो.

आणि चौथं कारण खास व्हाइट सँड्सचं. ही वाळू नेहमीची नाही, ती जिप्समची आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या खनिजापासून बनतं तेच हे जिप्सम. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे इतर ठिकाणी नद्या ते समुद्रात वाहून नेतात. पण टुलारोसा हे खोरं चारी बाजूंनी बंद आहे, इथलं पाणी बाहेर पडत नाही. डोंगरातून विरघळून आलेलं जिप्सम इथंच साठलं, जुना तलाव आटला आणि वाऱ्यानं त्या स्फटिकांचा चुरा करून टेकड्या रचल्या. अशा टेकड्यांचा पसारा जवळपास ७०० चौरस किलोमीटरचा आहे.

पांढरं जिप्सम ऊन परावर्तित करतं. त्यामुळे भर दुपारीही ही वाळू पायाला फारशी भाजत नाही. पर्यटक चपला हातात घेऊन आरामात चालतात. ऐकायला छान वाटतं, पण यामुळे पाय भाजण्याची नैसर्गिक सूचनाच मिळत नाही. वर परावर्तित झालेलं ऊन खालून अंगावर येतं ते वेगळंच. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही त्वचा भाजते.

गंमत म्हणा किंवा क्रूर विनोद, या टेकड्यांच्या मधल्या सखल भागात काही फुटांवर भूजल आहे. ती ओल वाळूला धरून ठेवते. पण ते पाणी खारट आहे, पिण्यालायक नाही. पिण्याचं पाणी मिळतं ते फक्त व्हिजिटर सेंटरला. पुढे ट्रेलवर ना नळ, ना झाड, ना सावली.

उष्णता आधी डोक्यावर परिणाम करते

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. पाणी आणि मीठ कमी झालं, शरीर तापलं की आधी येतो तो उष्णतेचा थकवा. डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, पायात गोळे येणं ही त्याची लक्षणं. या टप्प्यावर सावली, पाणी आणि विश्रांती मिळाली तर माणूस सहसा सावरतो.

आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं आणि वागण्यात फरक पडू लागला की तो उष्माघात. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, दिशा चुकतो, समोरचा सांगतोय ते त्याला कळत नाही. यात काही मिनिटांचाही उशीर जीवावर बेतू शकतो.

म्हणजेच परत फिरायचा निर्णय ज्या मेंदूनं घ्यायचा, तोच आधी कमजोर होतो. 'आता मागे वळू' हे ठरवायची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा ते ठरवायची क्षमता सगळ्यात कमी झालेली असते. म्हणूनच वाळवंटातले नियम ट्रेलवर नाही, हॉटेलच्या खोलीतच ठरवायचे असतात.

यासाठी वाळवंटच लागतं असंही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमधल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्या लोकांना उष्माघात झाला आणि १४ जणांचा जीव गेला. तेव्हाही तापमान ३८ अंशांच्या आसपासच होतं. ४५ अंशांची सवय असलेल्या चंद्रपूर-नागपूरकरांना हा आकडा साधा वाटेल. पण विदर्भातला माणूस मे महिन्यात दुपारी बारा वाजता डोक्याला दुपट्टा न बांधता, सावली नसलेल्या माळरानावर आठ किलोमीटर चालायला जात नाही. सुट्टीवर गेलेला माणूस मात्र जातो.

दोघंच असताना नेमकं काय बिघडतं?

सोलो ट्रेक धोकादायक आणि जोडीनं गेलं की सुरक्षित, असा आपला समज असतो. काही अंशी तो खराही आहे. पण जोडीची स्वतःची एक अडचण असते.

चार-सहा जणांच्या ग्रुपमध्ये एकाला त्रास झाला तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात. दोघांच्या ग्रुपमध्ये एकाला त्रास झाला की दुसऱ्यासमोर दोनच पर्याय उरतात. सोबत राहायचं, नाहीतर एकट्याला सोडून जायचं.

त्यातून एक अगदी साधं, प्रेमळ वाटणारं वाक्य येतं. 'तू हळूहळू परत जा, मी पटकन पुढे बघून येतो.' बोलणाऱ्याला वाटतं, एकामुळे दुसऱ्याची मजा जायला नको. ऐकणाऱ्यालाही तेच वाटतं. सह्याद्रीतल्या गर्दीच्या गडावर असं बोलून चालतं, कारण वाटेत पन्नास माणसं भेटतात आणि लिंबू सरबताचा स्टॉल असतो. वाळवंटात हे एक वाक्य दोन एकटी माणसं तयार करतं. त्यातल्या एकाची तब्येत आधीच बिघडलेली असते आणि दुसऱ्याला ती किती बिघडली हे कळायला मार्ग नसतो.

ज्याला मळमळ होतेय, त्यानं एकट्यानं परत जाणं हा आरामाचा पर्याय नाही. तोच सगळ्यात धोक्याचा पर्याय आहे. आणि जो पुढे जातोय, तोही तितकंच ऊन अंगावर घेतोय. त्याची लक्षणं फक्त थोडी उशिरा दिसणार असतात.

दुसरा दबाव असतो खर्चाचा आणि कौतुकाचा. विमानाचं तिकीट, मोजून मिळालेली रजा, भाड्याची गाडी, आधीच ठरवलेली रील. 'इतक्या लांब आलोय, आता अर्ध्यातून कुठे परत जायचं?' या प्रश्नाला ट्रेलवर उत्तर देणं अवघड असतं. जोडीदारासमोर 'मला जमत नाहीये' म्हणणं तर त्याहून अवघड.

याच कुटुंबातली आणखी एक घटना गाडीची आहे. मार्च २०११ मध्ये कॅनडाहून लास वेगासकडे निघालेल्या एका वयस्क जोडप्यानं जीपीएसनं दाखवलेला जवळचा रस्ता धरला. नेवाडातल्या डोंगरात त्यांची व्हॅन चिखलात रुतली. नवरा पायी मदत आणायला गेला, तो परत आला नाही. बायको व्हॅनजवळच थांबली. जवळपास सात आठवड्यांनी ती शिकाऱ्यांना जिवंत सापडली. तिथं प्रश्न थंडीचा होता, उन्हाचा नाही. पण शोधपथकं जे नेहमी सांगतात ते इथं दिसतं. गाडी माणसापेक्षा लवकर सापडते, म्हणून ती सोडू नका.

प्रत्येक वाळवंट वेगळं फसवतं

अमेरिकेच्या नैऋत्येची सहल ठरवणारं जोडपं सहसा एकाच जागी जात नाही. लास वेगास, डेथ व्हॅली, ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यन, जमलं तर व्हाइट सँड्स अशी माळ असते. गडबड अशी होते की, एका जागेचा अनुभव दुसरीकडे वापरला जातो.

कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली घ्या. इथल्या फर्नेस क्रीकमध्ये १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमान नोंदवलं गेलं आणि जगातलं सर्वाधिक तापमान म्हणून अधिकृतपणे तेच मानलं जातं. इथली वाळू जिप्समची नाही, त्यामुळे ती चांगलीच तापते. २० जुलै २०२४ रोजी बेल्जियमहून आलेल्या एका पर्यटकाची चप्पल इथल्या मेस्किट फ्लॅट टेकड्यांवर निसटली आणि त्याचे तळपाय गंभीर भाजले. हवेचं तापमान ५० अंशांच्या आसपास होतं. व्हाइट सँड्सवर अनवाणी फिरून आलेल्या माणसानं इथं तेच केलं तर काय होईल, हे यावरून कळतं.

त्या दिवशी हेलिकॉप्टरसुद्धा तिथं उतरू शकलं नाही. हवा खूप तापली की विरळ होते आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांना पुरेशी उचल मिळत नाही. त्यामुळे जखमीला आधी रुग्णवाहिकेनं उंचावरच्या, थोड्या थंड जागी नेलं आणि मग विमानवाहतुकीनं हलवलं. 'काही झालंच तर हेलिकॉप्टर येईल' हा भरवसा सगळ्यात जास्त गरज असते नेमका त्याच दिवशी कमी पडू शकतो. उन्हाळ्यात सकाळी १० नंतर सखल भागात ट्रेक करूच नका, असं डेथ व्हॅलीचं प्रशासन सांगतं ते यासाठीच.

ग्रँड कॅन्यनची फसवणूक तिसऱ्याच प्रकारची आहे आणि मराठी ट्रेकर्सनी ती नीट समजून घ्यायला हवी. सह्याद्रीत आपण आधी चढतो, दमतो आणि मग उतरतो. दमलो तर अर्ध्यातून खाली येणं सोपं. ग्रँड कॅन्यनमध्ये उलटं आहे. गाडी वरच्या कड्यावर लागते आणि वाट खाली उतरते. सकाळी ताजेतवाने असताना उतार, आणि दुपारी दमल्यावर चढ.

दक्षिण कड्यावरून नदीपर्यंत वाट सुमारे १,३०० मीटर खाली जाते. जसजसं खाली जाल तसतसं तापमान वाढतं. वर हवा आल्हाददायक असते तेव्हा तळाशी दहा अंशांहून जास्त फरक असू शकतो. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, आणि एकाच दिवशी नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका, असं तिथले रेंजर सांगतात. शिवाय वाट कोणती निवडता हेही महत्त्वाचं. ब्राइट एंजल ट्रेलवर उन्हाळ्यात काही ठिकाणी पिण्याचं पाणी मिळतं. साउथ कायबॅब ट्रेलवर ते अजिबात नाही.

आणि अँटिलोप कॅन्यन? लाल-केशरी दगडाच्या लाटांमधून येणारा उन्हाचा झोत, हा तर प्रत्येक जोडप्याच्या विशलिस्टवरचा फोटो. तिथं धोका पाण्याचा आहे. अमेरिकेच्या या भागात जुलै ते सप्टेंबरमध्ये पाऊस असतो आणि तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवर झालेल्या पावसाचा लोंढा अचानक लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये शिरला आणि ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. आज तिथं गाइडशिवाय जाता येत नाही. गाइडनं हवामान पाहून टूर रद्द केली तर वाद घालू नका.

मग जायचंच नाही का?

जरूर जायचं. योग्य महिन्यात आणि योग्य वेळी गेलं तर वाळवंटासारखी सुंदर जागा नाही.

ऑक्टोबर ते एप्रिल हा या भागातला चालण्याचा हंगाम. डेथ व्हॅली तर हिवाळ्यातच पायी बघावी. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर मात्र हिवाळ्यात बर्फ असतो, त्याची तयारी वेगळी.

रजा उन्हाळ्यातच मिळाली तर बेत बदला, सहल रद्द करायची गरज नाही. व्हाइट सँड्समध्ये तापमान ३० अंशांच्या पुढे असेल तर ट्रेक सुरूच करू नका, असं प्रशासनाचं सांगणं आहे. त्याऐवजी संध्याकाळी जा. गाडीचा रस्ता थेट टेकड्यांमध्ये जातो, पुलावरची छोटी वाट अर्ध्या तासात होते, आणि प्लॅस्टिकच्या थाळीवर बसून टेकडीवरून घसरायला वय लागत नाही. सूर्यास्ताला वाळूचा रंग गुलाबी होतो. सगळ्यात चांगले फोटोही तेव्हाच येतात. एक लक्षात ठेवा, उद्यान लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्राला लागून आहे. चाचणी असेल तेव्हा रस्ता काही तास बंद असतो, त्यामुळे आदल्या दिवशी वेबसाइट बघून घ्या.

डेथ व्हॅलीत उन्हाळ्यात झॅब्रिस्की पॉइंटवर सूर्योदय बघा आणि नंतर गाडीनं डांटेज व्ह्यूला जा. तो दीड हजार मीटरहून उंच आहे, त्यामुळे खालच्यापेक्षा बराच थंड. ग्रँड कॅन्यनमध्ये कड्याच्या कडेनं जाणारी रिम ट्रेल बरीचशी सपाट आहे आणि हवं तिथून शटल बस पकडून परत येता येतं.

निघण्याआधी दोघांनी ठरवायच्या सहा गोष्टी

१. परत फिरायची वेळ घड्याळात ठरवा, जागेवर नाही. 'त्या टेकडीपर्यंत जाऊ' असं म्हटलं की पुढे आणखी एक टेकडी असतेच. 'साडेआठ वाजले की जिथे असू तिथून मागे' असं ठरवलं की वाद उरत नाही.

२. पाणी अर्धं होण्याआधी वळा. परतताना ऊन वाढलेलं असतं आणि पाय दमलेले असतात, त्यामुळे परतीला पाणी जास्तच लागतं. माणशी ४ लीटर म्हणजे पाठीवर चार किलो वजन. ते जड वाटतं म्हणून अंतर कमी करा, पाणी नाही. गाडीतही वेगळा साठा ठेवा.

३. पाण्यासोबत मीठही घ्या. घामातून मीठ जातं. नुसतंच पाणी भरमसाट प्यायलं आणि खाल्लं काहीच नाही, तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं. ओआरएसची पाकिटं, खारे दाणे, चिवडा यातलं काहीही चालेल.

४. एकाचा 'नको' म्हणजे दोघांचा 'नको'. कुणाला मळमळ, भोवळ किंवा नुसतं 'कसंतरी' वाटलं तरी दोघांनी मिळून मागे फिरायचं. कारण विचारायचं नाही, समजावत बसायचं नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत वेगळं व्हायचं नाही.

५. तिसऱ्या माणसाला सांगून जा. कुठल्या ट्रेलला जातोय, गाडी कुठे आहे आणि किती वाजता मेसेज करणार, हे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. 'सहापर्यंत मेसेज आला नाही तर ९११ ला फोन करा' इतकं स्पष्ट लिहा. मात्र ९११ अमेरिकेतूनच लागतो, म्हणून हा तिसरा माणूस अमेरिकेतला असेल तर उत्तम. तसा कुणी नसेल तर पार्कचा फोन नंबर घरी देऊन ठेवा.

६. मोबाइलच्या रेंजवर आणि ऑनलाइन नकाशावर विसंबू नका. नकाशा आधी डाउनलोड करा आणि कच्च्या रस्त्यावरच्या शॉर्टकटला नाही म्हणा. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या मॉडेल्समध्ये उपग्रहामार्फत आपत्कालीन संदेश पाठवायची सोय अमेरिकेत चालते, ती आधी शिकून घ्या. वेगळं सॅटेलाइट उपकरण वापरायचं असेल तर ते तिथंच भाड्यानं घ्या. विनापरवाना अशी उपकरणं भारतात आणणं बेकायदेशीर आहे आणि गोव्यासह देशातल्या विमानतळांवर त्यावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे.

जोडीदाराला त्रास झालाच तर?

आधी त्याचं बोलणं ऐका. डोकं दुखतंय, मळमळतंय, पण नीट उत्तरं देतोय, तर उष्णतेचा थकवा असू शकतो. सावली शोधा. नसेल तर ओढणी, टॉवेल किंवा शर्ट धरून सावली करा. बूट सैल करा, घोट-घोट पाणी आणि खारट काहीतरी द्या. बरं वाटेपर्यंत चालू नका.

बोलणं असंबद्ध झालं, आज वार कोणता किंवा आपण कुठे आहोत हे सांगता येईना, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा आणि लगेच मदत मागा. मदत येईपर्यंत एकच काम, शरीर थंड करायचं. कपडे भिजवा आणि टोपीनं, नकाशानं, हाताला येईल त्यानं वारा घाला. कोरड्या हवेत ओला कपडा झपाट्यानं उष्णता खेचतो. घामाला वाळवणारी तीच हवा इथं तुमच्या मदतीला येते. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. उरलेलं पाणी त्याच्या अंगावर वापरा.

अमेरिकेतल्या फीनिक्स शहरानं तर यावर सरळ उपाय काढला आहे. शहरातल्या कॅमलबॅकसारख्या गर्दीच्या डोंगरवाटा तीव्र उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी भर उन्हाच्या वेळेत बंदच ठेवल्या जातात. कारण ट्रेलवर पोहोचलेला माणूस स्वतःहून परत फिरेलच याची खात्री नसते, आणि त्याला आणायला जाणाऱ्या बचावपथकातल्या लोकांनाही तेच ऊन सोसावं लागतं.

सगळ्याच वाळवंटांना फाटक नसतं. जिथं ते नाही, तिथं 'आज नको, उद्या सकाळी लवकर येऊ' हे दोघांपैकी एकाला म्हणता आलं पाहिजे आणि दुसऱ्याला ते ऐकता आलं पाहिजे. वाळूच्या टेकड्या उद्याही तिथेच असतील.